फाइल म्हणजे दोरा

आमच्या सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिले आठ दिवस कॉम्प्युटरला हात लावायला बंदी होती. चपला दाराबाहेर काढायच्या, सतरंजीवर मांडी घालून बसायचं, की सर प्रत्येकीच्या हातात एक दाभण, हातभर दोरा आणि रद्दी कागदांची चळत द्यायचे आणि म्हणायचे, "ओवा." तीन कॉम्प्युटर समोरच टॉवेल पांघरून गप्प बसलेले असायचे. शेजारच्या गल्लीतल्या क्लासमध्ये तिसऱ्या दिवशी पोरं अर्ज टाइप करायला लागायची, आणि आम्ही इथे पोती शिवायच्या दाभणानं बोटं टोचून घेत होतो. मी आईला सांगून टाकलं होतं, की हा माणूस वेडा आहे आणि आपण फसलो.

वेडा म्हणायला जागा होतीच. सर दिसायला किडकिडीत, अंगात पांढरा हाफ शर्ट आणि खिशात पेनाच्या शेजारी सायकलच्या चाकाची एक तार. तिचं टोक घासून घासून सुईसारखं केलेलं. फळ्यावर दाखवायला तीच, पाठ खाजवायला तीच, आणि कुणी डुलकी घेतली तर टेबलावर टकटक करायलाही तीच. आधी ते चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. कारखाना काही बंद पडला नव्हता, त्यांना कुणी काढलंही नव्हतं. चाळिशी उलटल्यावर एक दिवस स्वतःच काम सोडून ते कॉम्प्युटर शिकायला गेले. वर्गातली बाकीची पोरं त्यांच्या लेकरांच्या वयाची. दोन वर्षांनी घराची पुढची खोली रिकामी करून त्यांनी क्लास काढला. हे सगळं कशापायी, असं विचारलं की म्हणायचे, "एक शब्द समजंना झालता. म्हणून गेलो." कुठला शब्द, ते कधी सांगायचे नाहीत.

नवव्या दिवशी त्यांनी माझा ओवलेला गठ्ठा हातात घेतला.

"एम्मा, काय केलंस तू हे?" तेलुगू घरात पोरीला हाक मारतात तसं ते आम्हा सगळ्यांनाच एम्मा म्हणायचे, पोरगी मराठी असो की कानडी.

"कागद ओवले, सर."

"ह्यालाच फाइल म्हणत्यात."

मला हसू आलं. "सर, फाइल पुठ्ठ्याची असते."

"पुठ्ठा लई नंतर आला. आधी दोरा. साहेबाच्या देशात बी कारकून आपल्यासारखाच दोऱ्यात नायतर तारेत कागद ओवून ठिवायचा. त्यांच्या जुन्या भाषेत दोऱ्याला जो शब्द हुता, तोच घासून घासून फाइल झाला. पयला दोरा फाइल, मग दोऱ्यातले कागद फाइल, मग पुठ्ठा फाइल, मग कपाट भरून फाइली, आन् शेवटी हे." त्यांनी टॉवेलाखालच्या कॉम्प्युटरकडे तार रोखली. "ह्याच्यात कागद न्हाय, पुठ्ठा न्हाय, तरी नाव तेच. का? कारण कागद म्हंजे फाइल न्हवंच. कशामागं काय येतं, ते धरून ठिवतो तो दोरा म्हंजे फाइल."

हे सगळं त्यांनी एका जाडजूड इंग्रजी शब्दकोशातून गोळा केलं होतं. तो जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून आणलेला, पहिली वीस पानं गायब. त्यामुळे इंग्रजीतल्या 'ए'च्या सुरुवातीच्या शब्दांबद्दल सरांचं मत विचारायचं नाही, असा आमच्यात विनोद होता. बाकी शब्दांची मात्र त्यांनी चौकशीच लावली होती. फोल्डर म्हणजे घडी. चादरीची घडी घालतात तशी जाड कागदाची एक घडी, तिच्या पोटात कागद. डिरेक्टरी म्हणजे नाव आणि पत्ता लिहिलेली वही. "घर न्हवं, घराचा पत्ता," असं ते बजावायचे. व्हॉल्यूम म्हणजे मूळची गुंडाळी, कारण पूर्वी तिकडे पुस्तकं आपल्या जन्मपत्रिकेसारखी गुंडाळून ठेवायचे. आणि माउंट शब्दाला आले की सर उभे राहायचे. "सूत गुंडाळलेला बीम चढवल्याबिगर माग चालतो का? न्हाय. तसंच आदी कॉम्प्युटरवर फितीची रिळं चढवायला लागायची. माणूस उचलून चढवायचा, घाम गाळून. आता कोण काय चढवत न्हाय, शब्द तेवढा ऱ्हायला." हे सांगताना दोन्ही हातांनी ते अदृश्य बीम उचलायचे, आणि त्यांना खरंच धाप लागायची.

झाडाचं चित्र काढायचे तेही उलटं. मूळ वर, फांद्या खाली. "रूट म्हंजे मूळ. कॉम्प्युटरवाल्यांनी झाड उलटं टांगलंय. प्रत्येक फांदीला इचारा, तुझा बाप कोण, ती वर बोट दाखवती. मुळाला इचारा, ते स्वतःकडंच बोट दाखवतंय." एका पोरीनं विचारलं, की हे परीक्षेत येतं का. सर म्हणाले, येत नाही. ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्लासला गेली. अशा बऱ्याच गेल्या. सरांना त्याचं वाईट वाटायचं, पण दाभण काही त्यांनी सोडलं नाही.

मी का टिकले, मला सांगता येणार नाही. बहुतेक त्या पुसण्याच्या खेळामुळे. एकदा त्यांनी आम्हा सात जणींना खोलीत विखरून उभं केलं. कुणी दारात, कुणी खिडकीशी, एक तर मोरीत. प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर एक शब्द आणि पुढच्या पोरीचं नाव. सरांच्या वहीत मात्र फक्त पहिल्या पोरीचं नाव. तिच्यापासून सुरुवात करून एकीकडून दुसरीकडे गेलं, की वाक्य तयार व्हायचं: भाकरी कडक आहे पण शेंगाची चटणी संपली. मग सरांनी वहीतलं ते एकच नाव खोडलं आणि म्हणाले, "झालं. फाइल पुसली. आता वाचा."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. सुरुवात कुठून करायची तेच कळेना.

"पोरी कुटं गेल्या का? न्हाय. आपापल्या जागी उब्या हायत, चिठ्ठ्या हातात हायत. डिलीट म्हंजे एवढंच, दोऱ्याचं टोक हरवलं. जवर त्या जागेवर दुसरं कोण येऊन उभं ऱ्हात न्हाय, तवर काय बी गेलेलं नसतंय." मोरीत उभी असलेली पोरगी म्हणाली, सर, मग मी येऊ का बाहेर? ती मीच होते.

या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र काहीही जागेवर सापडायचं नाही. क्लास चालू असताना आतून काकूंचा आवाज यायचा. "सगळ्या जगाच्या फाइली सापडतात ह्यांना. आंघोळीला गेले की पंचा सापडत नाही." मग सर तारेसकट आत जायचे, आणि चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे. पण कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर पाचवं चित्र दिसलं की त्यांचं डोकं सटकायचं. टेबलाचा वरचा भाग तो, त्यावर हातातलं काम तेवढंच ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. फाइलला 'न्यू वन' असं नाव दिलं की ते विचारायचे, "लेकराचं नाव पोरगं ठिवतं का कोण?"

गाठींचंही एक शास्त्र होतं. दोन तुटके धागे जोडायची गाठ वेगळी. विणकराची, बारीक, ओढली की आणखी घट्ट होणारी. आणि गठ्ठा बांधायची वेगळी. तिचं एक टोक ओढलं की ती सुटली पाहिजे. "जोडायची गाठ सुटू ने, बांधायची गाठ अडकू ने." आम्हा पोरींपैकी कुणालाच त्या नीट जमल्या नाहीत. मला तर मुळीच नाहीत, कारण मला सगळ्याचीच घाई.

त्या घाईनंच पुढे माती केली. क्लास संपून पाच-सहा वर्षं झाली होती. शहरातल्या एका जुन्या शाळेत मी कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागले. काम सोपं होतं. जुने प्रवेश-अर्ज स्कॅन करायचे आणि विद्यार्थ्याच्या नावानं कॉम्प्युटरात टाकायचे. त्या काळचं जनरल रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं, अर्ज तेवढे शाबूत. दर सालाचा एक गठ्ठा, वर एक पुठ्ठा, डाव्या कोपऱ्यातून आरपार दोरा. गाठी दगडासारख्या. स्कॅनर एका वेळी पन्नास कागद ओढायचा आणि मी गाठी सोडवत बसले होते. एक गठ्ठा सोडवला, दुसरा सोडवला. तिसऱ्याला मी कात्री घेतली. दोन दिवसांत सगळे मिळून अकरा गठ्ठे मोकळे केले, दोरे केरात, पुठ्ठे कोपऱ्यात आणि कागद सगळे एका खोक्यात, हाताला येतील तसे स्कॅनरखाली. नावं तर कॉम्प्युटरात आलीच आहेत, नाव टाकलं की पान हजर, अशा तोऱ्यात मी होते.

कामाच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, मंद्रूपकडून एक मुलगी आणि तिचे वडील आले. मुलीला वैद्यकीयला सीट मिळाली होती. जात पडताळणीसाठी तिच्या आजोबांचा शाळेतला पुरावा हवा होता. आजोबा लहानपणी मामाकडे राहून या शाळेत शिकले होते. मी ऐटीत नाव टाकलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. खोक्यातून मूळ पानही काढून दिलं. नाव, जात, खाली पणजोबांचा अंगठा. वडिलांनी तो अंगठा बोटानं हळूच चाचपला.

आमचे हेडक्लार्क पान डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "साल कुठाय?"

अर्जावर तारीख होती, पण दिवस आणि महिना एवढीच. साल नव्हतं. कुणीच लिहिलेलं नव्हतं, कारण साल पुठ्ठ्यावर होतं.

"हे पान कुठल्या गठ्ठ्यातलं, बाई?" हेडक्लार्कनी मला विचारलं.

मी कोपऱ्यातल्या अकरा पुठ्ठ्यांकडे बघितलं आणि खोक्याकडे बघितलं. कुठलं पान कुठल्या पुठ्ठ्याखालचं, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"साहेब, नाव हाय, जात हाय, हिच्या पणज्याचा अंगठा हाय," वडील म्हणाले. "आजून काय पायजे?"

"साल पाहिजे, दादा. पडताळणी समिती पहिलं सालच बघते, नोंद किती जुनी ते. मी अंदाजानं साल घातलं आणि उद्या चौकशी लागली, तर माझी पेन्शन जाईल आणि तुमच्या पोरीची सीट जाईल."

त्यांचंही चूक नव्हतं. शुक्रवार ही शेवटची तारीख होती. शुक्रवारी सालासकट उतारा समितीकडे पोचला नाही, तर सीट यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.  मंद्रूपची ती मुलगी नुसती त्या पानाकडे बघत बसली होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मी स्कूटी काढली ती थेट सरांकडे. ते जेवत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि रडले. सर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दोरा कुटं हाय?"

"केरात टाकला."

ते ताटावरून उठले. काकू आतून म्हणाल्या, अहो, भाकरी तरी संपवा, पण त्यांनी हात धुतले होते.

शाळेत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा केराची बादली पालथी केली. शिपाई रजेवर होता, म्हणून दोरे वाचले. ते सगळे त्यांनी रंगावर आणि जाडीवर वेगळे केले आणि खिशात ठेवले. मग खिडकीजवळ बसले, खिशातून सायकलची तार काढली, आणि एक पुठ्ठा उचलून त्याच्या कोपऱ्यातल्या भोकात ती घातली.

"आण पानं."

करायचं एवढंच होतं. एकेक पान त्याच तारेत ओवायचं. ज्या कारकुनानं ज्या दिवशी गठ्ठा टोचला, त्या दिवशी सगळी पानं कडेला कड लावून एकदमच टोचली होती. म्हणजे घरचं पान असलं की त्याची कड पुठ्ठ्याच्या कडेशी जुळते. परकं असलं की तिरकं बसतं, नाही तर बाहेर डोकावतं. एका साली भोक कोपऱ्याला खेटून, एका साली दोन बोटं आत, एका साली कारकुनाचा हात चुकून दोन भोकं. बाकीची नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसत होती. तारेवर चढवलं की पान आपण होऊन सांगायचं.

बुधवारी दिवसभर हेच चाललं. सर ओवायचे, मी कड बघायची. मुलीचे वडील पहिल्यांदा नुसते बघत होते. मग म्हणाले, "मला बी द्या की एक पुट्टा. कांद्याची पोती शिवतो मी, दाभण कळतंय मला." दुपारी सरांनी कागदात बांधून आणलेली भाकरी आणि चटणी आम्ही चौघांनी खाल्ली. हात धुतल्याशिवाय पानाला शिवायचं नाही, असा नियम होता.

गुरुवारी संध्याकाळी अकरापैकी नऊ सालं बाद झाली, आणि तिथे घोडं अडलं. आजोबांचं पान उरलेल्या दोन्ही पुठ्ठ्यांवर बसत होतं. कड दोन्हीकडे जुळत होती. लागोपाठची दोन सालं होती ती, बहुतेक एकाच कारकुनाचा हात. मी म्हटलं, सर, कुठलंही एक सांगू या, एका वर्षानं काय फरक पडतो. सरांनी तार पुसून खिशात ठेवली.

"एम्मा, खोटा दोरा ओवायचा न्हाय," एवढंच म्हणाले आणि सायकलवरून घरी गेले.

शुक्रवारी ते शाळा उघडायच्या आधी फाटकात हजर. येताना काकूंच्या सुईदोऱ्याच्या डब्यातलं भिंग आणलं होतं. सकाळच्या उन्हात त्यांनी दोन्ही पुठ्ठे खिडकीला लावले. "बघ," मला म्हणाले. मी बघितलं. एका पुठ्ठ्याचं भोक गोल होतं, दुसऱ्याचं तिकोनी. एका साली कारकुनानं साधी मोठी सुई वापरली होती आणि दुसऱ्या साली दाभण. दाभणाचं टोक तिधारी असतं. आठ दिवस मी ते हातात धरलं होतं, बोटात टोचून घेतलं होतं, आणि एकदाही त्याच्या टोकाकडे बघितलं नव्हतं.

आजोबांच्या पानाचं भोक तिकोनी होतं.

तरी सरांचं समाधान होईना. तिकोनी भोकाची, कड जुळणारी सगळी पानं त्यांनी पुन्हा एकदा चाळायला लावली. शंभराच्या वर होती. त्यांत एक अर्ज निघाला, कुणा शिस्तीच्या बापानं भरलेला. तारीख पूर्ण, सालासकट. पुठ्ठ्यावरचंच साल. सरांनी तो अर्ज, आजोबांचं पान आणि पुठ्ठा असे तिन्ही एकत्र धरून हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवले आणि तार त्यांच्याच हातात दिली.

"तुमीच घाला."

हेडक्लार्कनी चष्मा पुसला. तार घातली. ती तिन्हीतून सरळ खाली उतरली. त्यांनी गठ्ठा टेबलावर उभा आपटला, चारी कडा बोटानं बघितल्या, पुन्हा तार काढली, पुन्हा घातली. मग उताऱ्याचं कोरं पान ओढलं आणि लिहायला लागले. सही करून शिक्का मारल्यावर त्यांनी विचारलं, "आधी मला सांगा, हे गठ्ठे कापले कुणी?"

मी पुढे झाले, तेवढ्यात सर म्हणाले, "ती माझी शिष्या हाय. दाभण धरायला शिकवलं, टोक बघायला शिकवलं न्हाय. चूक शिकवणाऱ्याची."

हेडक्लार्कनी उतारा मुलीच्या वडिलांपुढे सरकवला. "आणि तुम्ही कुठं शिकलात हे?"

"उशिरा शिकलो," सर म्हणाले, आणि तार खिशात ठेवून पाणी प्यायला बाहेर गेले. मला वाटलं, वयाबद्दल बोलतायत.

मुलगी आणि वडील उतारा घेऊन धावतच गेले. कार्यालय बंद व्हायच्या आत पोचले, असा फोन आला. माझं काम वाचलं. पुढचे पंधरा दिवस सर रोज दुपारी शाळेत यायचे आणि अकराच्या अकरा गठ्ठे पुन्हा ओवायचे. दाभणाचं भोक नेहमी थोडं तिरपं आत जातं, त्यावरून पान वरचं की खालचं, तेही ते लावायचे. नवा दोरा आणून देते म्हटलं तर नको म्हणाले. माझेच कापलेले दोरे विणकराच्या गाठीनं जोडून वापरले. ते गठ्ठे अजून त्या शाळेत आहेत. मी जिथे जिथे कात्री चालवली, तिथे तिथे एक बारीक गाठ आहे. हात फिरवला की लागते.

महिनाभरानं मंद्रूपहून मुलीचे वडील पोतंभर ओल्या शेंगा घेऊन क्लासमध्ये आले. सरांनी सगळ्या पोरींना कॉम्प्युटर बंद करायला लावले आणि सतरंजीवर शेंगा ओतल्या. वडील सरांच्या पाया पडायला वाकले, तर सर उडी मारून मागे सरले आणि भिंतीला आपटले.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. क्लास आधीच बंद झाला होता. आता कुणाला दाभण शिकायला वेळ आहे? महिन्याभरानं त्यांच्या थोरल्या मुलीचा फोन आला, की पुढची खोली रिकामी करायची आहे, तुमच्या वेळचे अर्ज आहेत, रद्दीत घालायच्या आधी बघून जा. थोरलीला मी क्लासच्या दिवसांत येता-जाता बघितलं होतं, पण ती कधी आमच्यात बसली नाही. मागच्या खोलीत तिची शिलाई मशीन असायची. शाळांचे युनिफॉर्म शिवायची ती. अजूनही शिवते. माझ्यासाठी दार उघडलं तेव्हाही गळ्यात दोरीनं बांधलेली कात्री लटकत होती.

फळीवर दर सालाचा एक गठ्ठा. पुठ्ठा, साल, डाव्या कोपऱ्यात दोरा. मी माझ्या सालाचा काढला आणि गाठीशी झटायला लागले. थोरलीनं गळ्यातली कात्री पुढे केली.

"नको," मी म्हटलं.

"मग चुकीचं टोक वडताय तुमी. हे वडा."

मी ते टोक ओढलं आणि गाठ सुटली. माझा अर्ज मधे कुठेतरी होता. खाली शेऱ्याच्या रकान्यात सरांचं अक्षर: 'हुशार. लई घाई. कात्री लांब ठेवावी.' शाई जुनी होती. म्हणजे शाळेतल्या त्या प्रकाराच्या पाच-सहा वर्षं आधीच त्यांनी हे लिहून ठेवलं होतं. मला हसू आलं आणि मग आवरेना. थोरलीनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी तिला शाळेची सगळी हकीकत सांगायला लागले.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. ती सतरंजीवर माझ्यासमोर बसली. "माझं बी तसंच झालतं. डी.एड.ला नंबर लागलावता. आमच्या आजोबाचं पान सापडलं, दुसऱ्या एका शाळेत. सुटं पान. साल न्हवतं. नाना, म्हंजे तुमचे सर, तितं आठ दिवस बसून हुते. साहेब म्हणाला, कॉम्प्युटरात फाइल असती तर एका मिन्टात साल निघालं असतं. नानांनी घरी येऊन मला इचारलं, एम्मा, फाइल म्हंजे काय? मला तरी काय म्हाईत. सीट गेली. मी मशीनवर बसले, आन् नाना कारखाना सोडून कॉम्प्युटर शिकायला गेले."

बाहेर कुणाचे तरी माग चालू होते. त्या भागात ते कधी थांबतच नाहीत.

"भोकाचं त्यांना लई वर्सांनी सुचलं," थोरली म्हणाली. "तार घेऊन गेले त्या शाळेत. जुळलं की. पान बी जुळलं, साल बी मिळालं. पण तवर माझं वय निघून गेलतं."

उशिरा शिकलो, असं ते हेडक्लार्कला म्हणाले होते. मी तेव्हा तिथेच उभी होते आणि मला काहीही कळलं नव्हतं.

"तुमच्या शाळेतल्या त्या पोरीचं काम झालं ना, त्या दिवशी नाना घरी येऊन माझ्या मशीनजवळ बसले," थोरली म्हणाली. "जेवले बी न्हाईत. मी आपली शिवत हुते. मग लई वेळानं म्हणाले, एकीचं झालं, एम्मा."

  मग मी माझा अर्ज घेतला, दाभण मागून घेतलं, आणि जिथून काढला होता त्याच दोन पानांच्या मध्ये, त्याच भोकातून परत ओवला. ते गठ्ठे मी रद्दीत जाऊ दिले नाहीत. सगळे घरी आणले. माझ्या गठ्ठ्याची गाठ मात्र थोरलीलाच मारायला सांगितली.